पाण्याला रविवार नसतो

परवा ऑफिसात चहाच्या मशीनपाशी एक मित्र मला म्हणाला, "अरे, तू बोटीचं प्लंबिंग स्वतः करतोस? पाचशे रुपये टाक की, येतो माणूस!" त्याच्या चेहऱ्यावर जी दया होती ती पाहून डोकंच फिरलं. तिथे उत्तर देता आलं नाही, कारण मीटिंग सुरू होत होती. म्हणून आज शनिवारी सकाळी, दोन कप चहा पोटात ढकलून, इथे देतोय. लांबेल. पण ऐकाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बोटीत पाणी कुठून येऊ शकतं, कुठून बाहेर जातं आणि ते हाताने कसं थांबवायचं, हे ज्याला माहीत नाही त्याला ती बोट पाण्यात घालायचा काडीचाही अधिकार नाही. मग तो तिचा मालक असो, नाहीतर ईएमआय भरणारा असो. आणि "मी सगळं घरीच करतो" म्हणत जो जुगाड करून ठेवतो, तो तर त्याहून वाईट. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो दुसरा माणूस मीच होतो.

तर झालं असं. आम्ही तीन मित्रांनी मिळून एक सेकंडहँड बोट घेतली. १८ फुटी, फायबरची, छोटं शीड, मागे ४ एचपीचं इंजिन आणि पुढे एक खुराड्याएवढी केबिन. त्या केबिनमध्ये हात धुवायला एक बेसिन! (बोट घ्यायचं खरं कारण ते बेसिनच होतं. उगाच कशाला खोटं बोलू?) बोट कोकणातली. पुण्याजवळ ठेवायची म्हटलं तर भाडं परवडेना. मग माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात काय कमी पाणी आहे! अर्जुनी मोरगाव तालुक्यात मामाचं गाव, गावाला मोठा मामा तलाव. मच्छीमार सोसायटीच्या लोकांशी मामा बोलला, जाळ्यांपासून लांब राहायचं कबूल केलं आणि ट्रकवर चढून आमची बोट कोकणातून थेट झाडीपट्टीत आली. गावाने दोन दिवस तिची मिरवणूकच काढली म्हणा ना.

"मामा तलाव" हे नाव ऐकून पुण्यातले लोक हसतात. तो कुणाच्या मामाचा नसतो हो. माजी मालगुजारी तलाव, त्याचं झालं मा.मा. तलाव. त्याबद्दल पुढे येतोच.

बोटीच्या तळाला, पाण्याच्या रेषेखाली दोन भोकं होती. घाबरू नका, ती मुद्दाम केलेली असतात. एकातून बेसिनचं पाणी बाहेर जातं, दुसऱ्यातून डेक धुवायला पाणी आत घेतात. प्रत्येक भोकात एक फिटिंग, तिच्यावर एक कॉक, कॉकला निपल आणि निपलवर चढवलेला होज पाइप. म्हणजे बोटीचं बुडणं आणि न बुडणं यांच्यामध्ये एक रबरी नळी आणि एक क्लिप, बस्स. गणपतीच्या सुट्टीत गेलो तेव्हा बेसिनच्या नळीपाशी पाणी झिरपताना दिसलं. थेंब थेंब. क्लिप गंजली होती, नळी कडक होऊन चिरली होती. खरं काम काय होतं? बोट काठावर ओढायची, नळी बदलायची, क्लिपा बदलायच्या, कॉक फिरतोय का बघायचा. अर्धा दिवस. मी काय केलं? एम-सील मळलं, निपलभोवती थापलं, वरून टेप गुंडाळली. दहा मिनिटांत काम फत्ते. फोटो काढून मित्रांना पाठवला, "फिक्स्ड" असं लिहून. लाज वाटते आता.

एम-सीलचा काही दोष नाही. कडक वस्तूला कडक वस्तू चिकटवायला ते उत्तम आहे. पण नळी लवचीक, इंजिन सुरू झालं की थरथरणारी. दोन महिने थरथरल्यावर तो कडक गोळा नळीपासून सुटणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. लागतो तो फक्त आळस न करणारा माणूस.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी मामाला आणि बहिणीच्या दोन पोरांना घेऊन निघालो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. पोरांनी लाइफ जॅकेट घातलं होतं. मामाने घातलं नाही. "मी याच तलावात पोहायला शिकलो," म्हणाला. मीही घातलं नाही, कारण मामाने घातलं नाही. (हा मूर्खपणाचा आणखी एक थर. थरावर थर!) तलावाच्या मध्यावर पोरगी म्हणाली, "मामा, माझे पाय ओले झाले." मला वाटलं हिने बाटली सांडली. फळी उचलून पाहिलं तर खाली पाणी. नळी निपलवरून पूर्ण निघालेली, एम-सीलचा गोळा तसाच नळीला लटकलेला आणि भोकातून मनगटाएवढा झरा.

बरं, तळातलं पाणी उपसायचा पंप होता की. पंप गुरगुरत होता, पण पाणी बाहेर पडत नव्हतं. त्याच्या जाळीवर पोरांनीच टाकलेलं चिप्सचं पाकीट चिकटलं होतं. ते मला नंतर कळलं. बरं, कॉक होता की! कॉक फिरेना. वर्षानुवर्षं कुणी फिरवला नव्हता. जोर लावला तर त्याचा गंजलेला दांडा माझ्या हातात आला.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर एक इंची भोक असेल तर पाणी सेकंदाला साधारण २.४ मीटर वेगाने आत येतं. भोकाच्या कडांमुळे होणारी घट धरली तरी मिनिटाला ४० लिटरच्या वर. म्हणजे अर्ध्या मिनिटाला २० लिटरची एक बादली. भोक दीड इंची असेल तर मिनिटाला १०० लिटर. माझा पंप कितीचा? ताशी ५०० गॅलनचा. ऐकायला कसलं भारी वाटतं! लिटरमध्ये करा: ताशी सुमारे १९००, म्हणजे मिनिटाला ३१-३२. तेही पूर्ण व्होल्टेजवर, पाणी वर न चढवता. खऱ्या बोटीत त्याहून बरंच कमी. म्हणजे पाकीट अडकलं नसतं तरीही तो पंप एका इंचाच्या भोकापुढे हरणारच होता. हे गणित मी नंतर केलं. सर्व्हर घ्यायच्या आधी लोड किती येईल याचं गणित करणारा मी, पोरांना पाण्यावर नेण्याआधी ते केलं नव्हतं.

पाच मिनिटांत २०० लिटर. म्हणजे तीन धष्टपुष्ट माणसं बोटीत चढावीत आणि बोट ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला त्यांनी धावावं, तसलं ते वजन. मी तळहात भोकावर दाबून पालथा पडलो होतो. मामा पोरांना मधोमध धरून बसला होता आणि हाका मारत होता. शेवटी जाळी काढणारे एक ढिवर काका डोंगा वल्हवत आले. चढले नाहीत, आधी डोकावून बघितलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, घट्ट सुरळी केली, माझा हात बाजूला करून ती भोकात पिळून घातली आणि मला म्हणाले, "टाच ठेव यावर. हलू नको." दुपट्टा! झरा थांबला. एका हाताने त्यांनी आमची बोट पाळीपर्यंत ओढत नेली.

काठावर आल्यावर त्यांनी तो एम-सीलचा गोळा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "हे कोनं बसवलं, बाबू?"

"मीच, काका."

"मंग नीट काहून नाही बसवलं?"

"रविवार होता काका. संध्याकाळची गाडी पकडायची होती."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "पान्याले रविवार नसते."

त्या रात्री मला झोप आली नाही. पोरगी मात्र गाढ झोपली होती. तिला ती सगळी गंमतच वाटली होती.

असो. आता मित्राच्या त्या "पाचशे रुपयांच्या" मुद्द्याकडे येतो. आपल्या लोकांचं हे लाडकं गणित: माझ्या तासाचे अमुक, प्लंबरच्या तासाचे तमुक, मग मी पाना कशाला हातात घेऊ? घरातल्या नळासाठी हे गणित चालतं. नळ गळला तर बादली लावा, माणूस उद्या येईल. बोटीत उद्या नसतो. तलावाच्या मध्यावर तुमच्या तासाचा रेट विचारायला कुणी येत नाही. तिथे प्रश्न एकच असतो: या क्षणी, या बोटीत, हा कॉक कुठे आहे हे माहीत असलेला माणूस आहे का?

दुसरा मुद्दा. "माणूस" म्हणजे कोण? गोंदियात काय किंवा खडकवासल्याला काय, बोटीचं प्लंबिंग करणारा माणूस कोपऱ्यावर बसलेला नसतो. येतो तो बाथरूमचा प्लंबर. त्याच्या कामात तो पक्का असेल, पण तो बाथरूमचंच सामान लावणार. सफेदा-सुतळी, सीपीव्हीसीचा कडक पाइप, सोल्युशनचा जोड आणि पितळेचा स्वस्त कॉक. भिंतीत गाडलेला कडक पाइप वीस वर्षं टिकतो, कारण भिंत थरथरत नाही. बोट थरथरते, पिळते, आपटते. आणि पितळ! खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. आमची बोट आयुष्यभर समुद्रात राहिलेली. नंतर ती फिटिंग मी पेचकसाने खरवडली तर आत पिवळी नव्हतीच, गुलाबी होती. हातोडीच्या एका टोल्यात तुटली. म्हणजे नळी निघाली नसती तर कधीतरी आख्खी फिटिंगच गेली असती. हे त्या प्लंबरला कुणी सांगायचं? मालकाने. आणि मालकाला माहीत नसेल तर?

इथे मामा तलावाकडे वळतो. विषय सोडलेला नाही, हाच विषय आहे.

भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मातीची पाळ, खाली धानाची शेती आणि पाळीतून पाणी सोडायला तुडूम. तुडूम म्हणजे काय? पाळीला मुद्दाम ठेवलेलं, हवं तेव्हा उघडता-मिटता येणारं भोक. माझ्या बोटीच्या कॉकचा थोरला भाऊच तो. ज्यांची शेती त्या पाण्यावर, त्यांनाच पाळ राखावी लागायची. तुडुमातून पाणी झिरपलं तर खालचं धान जाणार हे त्यांना दिसत होतं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, ते दिवस परत नकोत. गरिबाच्या फुकट कष्टांवर उभी होती ती व्यवस्था. पण तिच्याबरोबर "पाळ माझी" ही भावनाही गेली. आता पाळ खात्याची. खात्याचा माणूस येईल. तो येईपर्यंत गाळ साचला, बेशरम वाढली, कितीतरी तलावांचं पाणी निम्म्यावर आलं. गेल्या काही वर्षांत जे तलाव पुन्हा जिवंत झाले त्यांपैकी काही ठिकाणी ढिवर समाजाच्या लोकांनी, बायकांनीसुद्धा, स्वतः पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि पाणवनस्पती लावल्या. वाट बघत बसले नाहीत.

"माणूस येईल" हे वाक्य तलाव बुडवतं (म्हणजे बुजवतं) आणि बोटही बुडवतं.

आणि हे फक्त खेड्यातल्या गरिबीचं तत्त्वज्ञान आहे असं समजू नका. दिलीप दोंदे आठवतात? नौदलातले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली आणि ती बांधली जात असताना दोंदे तिथे होते. बोट तयार झाल्यावर नुसती किल्ली घ्यायला आले नाहीत. दक्षिण महासागरात "माणूस" कुठून येणार? त्याच 'म्हादेई'तून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता जगाला फेरी मारून आले. पुढे २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांच्या बोटीचं वाऱ्यावर चालणारं सुकाणू मोडलं, तेव्हा त्यांनी संडासाचं दार कापून त्याचा भाग बनवला आणि शर्यतीत दुसरे आले. आता कुणी म्हणेल, हा जुगाडच की! नाही हो. जुगाड म्हणजे दुसरा पर्याय समोर असताना, वेळ असताना, आळसाने केलेली तडजोड. टॉमींनी केलं ते पर्याय संपल्यावर, काय मोडलंय आणि का मोडलंय हे नेमकं माहीत असताना केलेलं काम. ढिवर काकांचा दुपट्टा त्या जातीचा. माझं एम-सील नाही.

हा फरक आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी कळायला हवा. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं असताना टाकलेला पॅच वेगळा आणि शुक्रवारी घरी लवकर जायचं म्हणून टाकलेला वेगळा. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात.

आता नुसती शिवीगाळ करून जाणं बरं नाही. त्या दिवाळीनंतर मी जे केलं ते लिहितो. कुणाच्या कामी आलं तर बरं.

१. बोटीच्या तळातल्या प्रत्येक भोकाचा नकाशा. कागदावर, हाताने काढून, केबिनच्या दाराला आतून चिकटवलेला. मामालाही तो वाचता येतो. पहिल्यांदा बसणाऱ्या पाहुण्याला कॉक दाखवल्याशिवाय बोट सुटत नाही.

२. प्रत्येक भोकाशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी, दोरीने बांधलेली. गावच्या सुताराने करून दिली. दुपट्ट्याची सुधारित आवृत्ती.

३. पाण्याखालच्या नळीला एक नाही, दोन क्लिपा, जिथे निपलची लांबी पुरते तिथे. क्लिप घेताना खिशात लोहचुंबक न्या. स्टेनलेसच्या नावाखाली पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल सर्रास मिळतो. चुंबक स्क्रूला कचकन चिकटला की परत द्या.

४. नळी निपलवर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवा, लागलंच तर भांड्यांच्या साबणाचं बोट लावा. तेल नको, ग्रीस नको. सहज चढलेली नळी सहज उतरते.

५. उपसा पंपाची नळी बाहेर पडण्याआधी उंच नेऊन वळवा, सारसाच्या मानेसारखी. (आमच्या गोंदियाच्या माणसाला दुसरी उपमा सुचणार नाही!) तिचं तोंड पाण्याच्या जवळ असेल आणि बोट कलली, तर पंप थांबल्यावर त्याच नळीतून पाणी उलटं आत येतं. काठाला बांधलेल्या बोटी रात्रीत बुडतात त्या अशाही. मधे एकतर्फी झडप बसवून निश्चिंत होऊ नका, तिच्यात कचरा अडकतो.

६. प्रत्येक कॉक महिन्यातून एकदा उघड-मीट करा. मी पुण्यात असतो, हे काम मामा करतो. बोट उभी असताना कॉक बंद. कायम.

या सगळ्या सामानाला जो खर्च आला तो सांगितला तर तुम्ही म्हणाल, एका वीकेंडच्या पिझ्झाचे पैसे. हो, तेवढेच. आणि अडीच दिवस. पहिल्या नळीला मला तीन तास लागले, शेवटचीला वीस मिनिटं.

सगळंच स्वतः करा असंही मी म्हणत नाही. पेट्रोलची लाइन, गॅसची शेगडी, २३० व्होल्टची वायरिंग, यात चूक झाली तर दुपट्टा चालत नाही. तिथे जाणकार बोलवा, त्याला घासाघीस न करता पैसे द्या. पण तो काम करत असताना फोनमध्ये तोंड घालून बसू नका. शेजारी उकिडवे बसा, टॉर्च धरा, विचारा. तो गेल्यावर तुम्हाला ते काम करता आलं नाही तरी चालेल, पण त्याने काय केलं हे सांगता आलं पाहिजे. "तज्ज्ञाचं पोट भरू द्या की," असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. पोट भरू द्याच. जबाबदारी मात्र त्याच्या पिशवीत टाकून मोकळे होऊ नका, ती त्यात मावत नाही.

आणि खरं सांगू? प्रश्न वेळेचा नाहीच. हात काळे करायची लाज आहे आपल्याला. बोटीच्या नाकावर बसून फोटो काढायला आवडतं, तिच्या पोटात शिरायला नको असतं. ज्या ढिवर काकांकडे आपण "बिचारे" म्हणून बघतो, त्यांना आपल्या डोंग्याची इंच न् इंच माहिती असते, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. माझ्या बोटीत तर माझ्या बहिणीची पोरं होती. त्यांच्यापेक्षा माझ्याकडे काय कमी पणाला लागलं होतं?

काकांना मी नवा दुपट्टा घेऊन गेलो होतो. त्यांनी घेतला. मग न बोलता बोटीत शिरले, फळी उचलली, दोन्ही कॉक फिरवून पाहिले, नळी ओढून पाहिली, क्लिपवर नख फिरवलं. बाहेर आले आणि पोरांकडे बघून म्हणाले, "चला, बसा."

मी आजवर दिलेल्या सगळ्या कोड रिव्ह्यूंमध्ये हा एकच पास झाल्याचा मला मनापासून आनंद झाला :)

आता उठतो. घरातला स्वयंपाकघराचा नळ गेले चार दिवस गळतोय. बायको म्हणते, आधी तो बघा, मग जगाला शिकवा.